आपण सारे मुलांचे अपराधी

तिसरीच्या वर्गात पेन्सिलीवरून दोघांची जुंपते. एकाच्या शर्टाचे बटण तुटते, दुसऱ्याच्या गालावर ओरखडा उठतो. बाई दोघांनाही एकेक धपाटा घालतात, ‘सॉरी म्हणा’ म्हणून दरडावतात आणि फळ्याकडे वळतात. पोरे खाली मान घालून पुटपुटतात. पेन्सिल कोणाची होती, राग कशाचा आला, तो आल्यावर हात उगारण्यावाचून दुसरे काय करता आले असते, हे कोणीच विचारत नाही. बळी तो कान पिळी, एवढाच धडा मुले त्या दिवशी शिकतात.

पण सगळे खापर बाईंच्या माथी कसे फोडायचे? मतदारयाद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराचे हिशेब आणि रोजची ऑनलाइन माहिती त्यांच्या गळ्यात आपणच बांधली. मुलाजवळ बसायला त्यांना वेळ ठेवला कोणी?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. मूल भयमुक्त असावे, त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे 29 व्या कलमाने बजावले. त्याचे आपण काय केले? मूल्यमापनाच्या नोंदवहीत मुलाच्या स्वभावासाठी रकाना आला आणि तो भरायला तयार ‘वर्णनात्मक नोंदी’ मोबाइलवरून फिरू लागल्या. ‘इतरांना मदत करतो’, ‘मित्रांशी मिळून मिसळून वागतो’ ही वाक्ये आलटूनपालटून सगळ्या पटापुढे उतरतात. ज्याच्या घरी रोज रात्री दारूपायी मारहाण होते आणि जे ऊसतोडीच्या फडावरून महिन्यांनी परतले आहे, त्या मुलांपुढेही तीच.

घरी तरी काय चालते? ‘मुलगा असून रडतोस?’ म्हणत आपण लेकाचे दुःख दाबतो आणि ‘पोरीच्या जातीला शोभत नाही’ म्हणत लेकीचा राग. शिष्यवृत्तीच्या क्लासची फी पोटाला चिमटा काढून भरतो, पण ‘आज कोणी चिडवलं का रे?’ एवढे विचारायला सवड नसते. ‘त्याच्या डब्यातलं खाऊ नकोस’ असे कानात सांगणारेही आपणच. मग शाळेने समता शिकवावी, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मार्ग ठाऊक नाही, ही सबब खोटी आहे. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम केले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. अंगणवाडी पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. बीड जिल्ह्यात 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ या मूल्यशिक्षणाच्या उपक्रमाने जोडीत बोलणे, गटात मिळून ठरवणे नेहमीच्या सरकारी शाळांत आणले.

तेव्हा परिपाठानंतरची पंधरा मिनिटे रोज मुलांच्या बोलण्यासाठी राखा. भांडण झाले तर दोघांचेही पुरते ऐका आणि तोडगा त्यांनाच काढू द्या. शिक्षकांवरची शाळाबाह्य कामे उतरवा. पालकसभेत गुणांआधी मुलाच्या मनाची विचारपूस करा. आणि आपले चुकले, तर मुलाची माफी मागा. मोठी माणसे जिथे कधी चुकतच नाहीत, तिथे मुले चूक कबूल करायला नव्हे, लपवायला शिकतात. ही शिकवणी आधी आपल्याला घ्यायची आहे, आणि तिला आजवर आपणच दांडी मारत आलो आहोत.