शाल, श्रीफळ आणि थोडी चेष्टा

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात महिन्याचा शेवटचा दिवस लांबूनच ओळखू येतो. एखाद्या क्वार्टरसमोर ऑफिसची गाडी थांबते, झेंडूच्या हारांत हनुवटीपर्यंत बुडालेले एक गृहस्थ उतरतात आणि मागोमाग सहकारी मिठाईचे डबे घेऊन उतरतात. सरकारी नोकर महिन्याच्या अखेरच्या दिवशीच निवृत्त होतो. त्यातही ज्याचा जन्म एक तारखेचा, तो बिचारा आधीच्या महिन्यातच घरी बसतो.

या वसाहतीत एखादे प्राध्यापक राहत असले, तर ते बहुधा पत्नीच्या सरकारी नोकरीच्या पुण्याईवर. क्वार्टर तिच्या नावाचे, दारावरची पाटी मात्र सरांची! सरांची निवृत्ती जरा उशिरा येते. केंद्रीय विद्यापीठांत हे वय १९९८ मध्ये साठाचे बासष्ट झाले आणि २००७ मध्ये पासष्ट. वय वाढले, निरोपाचे भाषण मात्र तेच राहिले.

ते भाषण कोणाला पाठ नाही? सर म्हणजे ज्ञानाचा सागर, चालतेबोलते विद्यापीठ. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही. (पुढच्याच आठवड्यात त्या पोकळीत कोण बसणार, यावरून विभागात दोन तट पडलेले असतात, ही गोष्ट वेगळी.) नाव तेवढे बदलले की हेच भाषण पुढच्या वर्षीच्या सरांनाही चालते. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि मुले माना डोलावतात, पण हा गौरव नेमका कोणाचा चालला आहे हे त्यांनाही उमगत नाही.

मग उठतो तीस वर्षे शेजारच्या टेबलावर बसलेला सहकारी. तो सागराबद्दल बोलतच नाही, लाल पेनाबद्दल बोलतो. सर लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घसुद्धा तपासून पत्रिका परत करतात. वहिनींनी केलेल्या वाण्याच्या यादीलाही दहापैकी सात गुण देतात. “आता शेवटचा मुद्दा” म्हणाले की वर्गाला अजून पाऊण तास काढायचा असतो. सभागृह हसू लागते. हसता हसता तो मध्येच सांगून टाकतो, की एका विद्यार्थ्याची परीक्षेची फी भरायची राहिली होती, तेव्हा ती कोणी भरली. “वहिनी, त्या महिन्यात पगारात तीनशे रुपये कमी का आले, हा हिशेब आज पुरा झाला!” वहिनींना उत्तर मिळायला पंचवीस वर्षे लागलेली असतात. हसण्याच्या ओघात आली म्हणून ही गोष्ट सरांना अडवता आली नाही. गंभीर भाषणात त्यांनी हात वर करून ती थांबवलीच असती.

चेष्टेने मोठ्या माणसाचा मान जातो असे समजणाऱ्यांनी कोपनहेगनकडे पाहावे. नील्स बोर यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले. तरी १९३२ मध्ये त्यांच्याच संस्थेत तरुण शास्त्रज्ञांनी गटेच्या ‘फाउस्ट’चे विडंबन रंगवले. ते मुख्यतः पंचविशीतल्या माक्स डेलब्रुकने लिहिले होते. त्यात देव म्हणजे बोर आणि सैतान म्हणजे तिखट जिभेचे पाउली! बोर यांच्या पन्नाशीला, साठीला आणि सत्तरीला, म्हणजे १९३५, १९४५ आणि १९५५ मध्ये, सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ जॉक्युलर फिजिक्स’ नावाचे थट्टेचे नियतकालिकही काढले. कोणाचे चुकत असले तरी बोर आधी म्हणायचे, “टीका म्हणून नव्हे, समजून घ्यावे म्हणून विचारतो.” या लकबीची सगळे टिंगल करत. पण ती लकब म्हणजेच त्यांचा सज्जनपणा होता, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

मराठी माणसाला हे शिकवायला नको. ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या चितळे मास्तरांना हसला नाही आणि हसताना ज्याला आपले मास्तर आठवले नाहीत, असा वाचक विरळाच. चिमणराव जन्माला घालणारे चिं. वि. जोशी तर स्वतः बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते.

अर्थात प्राध्यापकांची सगळीच थट्टा व्यासपीठावर चालत नाही. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९३१ मध्ये, आंद्रे वेल यांच्या सुचवण्यावरून, एक शोधनिबंध छापला आणि त्यातले प्रमेय बूर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाच्या नावावर खपवले. असा रशियन गणितज्ञ नव्हताच! उद्देश एवढाच, की अलीगढच्या एका सहकाऱ्याची जिरावी. पुढे याच नावाने फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने जाडजूड ग्रंथ लिहिले. थट्टा अव्वल दर्जाची, पण ती जिरवण्यासाठी केलेली. निरोपाच्या दिवशी ज्याच्या गळ्यात हार आहे त्याला उलट उत्तर देण्याची सोय नसते, म्हणून तिथे लाल पेन चालते, रखडलेली बढती चालत नाही. विसरभोळेपणा चालतो, बायपास चालत नाही. हे तारतम्य तीस वर्षे एकत्र चहा प्यायलेल्यालाच असते, आणि म्हणूनच हे भाषण कुलगुरूंना न देता त्याला द्यावे. त्याचा आवाज शेवटी जरा घोगरा झाला, तर खोकला आला असे समजून पाण्याचा पेला पुढे करावा.

मग सर उत्तराला उभे राहतात. शाल सावरतात, नारळ कुठे ठेवावा हे न कळून शेजाऱ्याच्या हाती देतात, हस्तलिखित मानपत्रावरून नजर फिरवतात आणि खिसा चाचपतात. लाल पेन निघते. चौथ्या ओळीतली वेलांटी दुरुस्त होते.

“मी फक्त एकच मुद्दा सांगणार आहे,” सर सुरू करतात, आणि मागच्या रांगेतले जुने विद्यार्थी निमूटपणे घड्याळे काढून खिशात ठेवतात.