नवी वहाण चावायचीच!

मुंबईहून गोव्याकडे जाताना महाडच्या जरा अलीकडे आमचे दासगाव लागते. सावित्रीकाठचे हे गाव एके काळी बंदर म्हणून नांदत होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोटीतून उतरले ते इथेच. त्या बोटी कधीच गेल्या. आणि गेल्या दिवाळीत आमच्या ओटीवर गोष्टी चालल्या होत्या त्या एकदम विमानाच्या!

त्याचे असे झाले. आमचा भाचा अमेरिकेत टेक्ससमध्ये असतो. पाच-सहा वर्षे तो आपल्या घराच्या गराजमध्ये दोन आसनांचे विमान बांधतो आहे. दिवाळीला आला तेव्हा चकलीचा तुकडा मोडीत तो म्हणाला, "मामा, सांगाडा झाला. आता रोटरी तेवढी रुळवायची राहिली आहे."

रोटरी म्हटल्यावर आम्हांला क्लब आठवला. तसे आम्ही बोलूनही दाखवले.

कोणी घरी विमान बांधतो हे ऐकून वाचकांनी हसू नये. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. पण सरकारी नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरील चाचण्यांना २०२० साल. विमान बांधणे हे अर्धे काम. ते विश्वासाचे ठरवणे हे उरलेले अर्धे.

भाच्याचे इंजिन मात्र जगावेगळे. आपल्या मोटारीत दट्ट्या वर-खाली होतो. याच्या इंजिनात दट्ट्या नाही, झडपा नाहीत. भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेसारख्या आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोण गरगरतो. त्याची तीन टोके भिंतीला घासत जातात आणि मधल्या तीन कप्प्यांत पेट्रोल ओढणे, दाबणे, पेटवणे आणि धूर सोडणे चालू राहते. त्रिकोणाची एक फेरी होते तेव्हा मधल्या दांड्याच्या तीन फेऱ्या होतात. फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाची ही कल्पना. १९५७ साली एन. एस. यू. कंपनीत असे इंजिन पहिल्यांदा चालले. पुढे जपानच्या मझदा कंपनीने ते मोटारींत बसवले. त्यांचे १३०८ घनसेंटीमीटरचे दोन त्रिकोणांचे इंजिन हौशी विमानवाल्यांना फार आवडते. ते लहान, हलके आणि थरथर कमी करणारे असते. आणि त्यात मोडायला फारसे काही नसते.

"मग अडते कुठे?" आम्ही विचारले.

"टोकांना, मामा. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात. त्या भिंतीला चपखल बसल्या तर जोर, नाही तर नुसता धूर."

या पट्ट्यांनी भल्याभल्यांना रडवले आहे. मझदाच्या पहिल्या इंजिनांत त्या थरथरत आणि आतल्या भिंतीवर आडव्या लाटा उठत. जपानी मंडळी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटी धरली आणि कार्बन व ॲल्युमिनियमच्या मिश्रणाच्या पट्ट्या केल्या. तेव्हा कुठे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली.

आता रुळवणे म्हणजे काय? जुन्या वाचकांना नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावलेली आठवत असेल. कितीही गुळगुळीत केलेल्या धातूवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे राहतातच. दोन नवे भाग एकमेकांवर घासतात, उंचवटे झिजतात, आणि मगच ते एकमेकांचे होतात. ही झीज मापात झाली तर इंजिन जन्मभर चालते. घाईत झाली तर भाग तापून जखमी होतात.

आमच्या वडिलांची दासगावात भाताची गिरणी होती. नवे ऑइल इंजिन आले तेव्हा मिस्त्रीने दोन दिवस ते रिकामेच चालवले. मग अर्धे पोते, मग एक पोते. गिऱ्हाईके दारात ताटकळलेली, वडील चिडलेले, मिस्त्री ढिम्म. तिसऱ्या दिवशी त्याने तेल काढून पितळी ताटात ओतले आणि उन्हात धरले. तेलात चांदीची भुकटी टाकावी तशी चमक होती. "शेठ, ही झीज बघा. ही पोटात ठेवून पूर्ण माल घातला असता तर?" वडील गप्प झाले.

ही हकीकत आम्ही मोठ्या ऐटीत सांगितली. भाचा हसला. "मामा, मिस्त्रीचे तेलाचे बरोबर. पण सगळीच इंजिने अशी नाहीत. विमानातल्या दट्ट्याच्या नव्या इंजिनाला फार जपले, जमिनीवर उगाच मंद घुरघुरत ठेवले, तर उलट बिघडते. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा चकचकीत लेप चढतो आणि कड्या बसतच नाहीत. म्हणून ते साध्या खनिज तेलावर, शेकडा ६५ ते ७५ जोरावर चालवतात, तेल खाणे स्थिरावेपर्यंत. कधी त्याला पन्नास तासही लागतात."

"आणि तुझे त्रिकोणी?"

"त्याला दोन्ही सांभाळावे लागते. भार हवा, पण चढता-उतरता. आधी वेग बेताचा, मग थोडा वाढवायचा, पुन्हा उतरवायचा. पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून पेट्रोलात थोडे तेल मिसळायचे. सुरुवातीला ते धूर सोडते, चालू व्हायला कुरकुरते. तास भरत जातात तसा दाब वाढतो. सर्वांत मोठा शत्रू उष्णता. उडताना वारा मिळतो. लोखंडी घोडीवर बांधून चालवताना तो नसतो. पाणी एकदा उकळले की ॲल्युमिनियमची भिंत वाकते, रबरी कडी जळते, आणि सारे पुन्हा उघडावे लागते."

तेवढ्यात अक्का, म्हणजे त्याची आई, चहा घेऊन आली. "मला कधी बसवणार त्यात?" तिने विचारले.

"उन्हाळ्यात ये. बसवतो," तो म्हणाला.

अक्का एप्रिलात गेली. विमान तेव्हा उडू लागले होते. पण अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला नियम आहे. इंजिन व पंख्याची जोडी सरकारमान्य असेल तर पहिले २५ तास, नसेल तर निदान ४० तास चाचणीचे. त्या काळात प्रवासी बसवायचा नाही. मोटारीचे इंजिन, म्हणजे चाळीस.

अकराव्या तासाला पाण्याचा काटा चढू लागला. भाच्याने विमान उतरवले, रेडिएटरकडे वारा नेणारी पत्र्याची नळी नव्याने बनवली. त्यात सहा आठवडे गेले. सप्टेंबरात अक्काच्या परतीची तारीख आली तेव्हा एकतीस तास भरले होते.

आदल्या संध्याकाळी तो तिला धावपट्टीवर घेऊन गेला. चिटपाखरू नव्हते. "आई, बस. पाच मिनिटांत एक चक्कर मारून आणतो. कुणाला कळणार?"

अक्काने विमानाला एक प्रदक्षिणा घातली, पंखाला हात लावला आणि विचारले, "उरलेले नऊ तास कशासाठी आहेत रे?"

"खात्री पटावी म्हणून."

"मग तुझी खात्री पटली नाही अजून. पटली असती तर आदल्या दिवशी नसते आणलेस. तुझ्या घरात दोन लेकरे आहेत. चाळीस भर, मग बोलाव. मी कुठे पळून चालले आहे?"

हे तिने आम्हांला सांगितले ते वीर स्टेशनावरून घरी येताना, रिक्षात. न उडता आल्याची चुटपुट तिच्या बोलण्यात होती. नाही असे नाही. खिडकीतून दिसणाऱ्या ढगांकडे ती बराच वेळ बघत होती.

परवा रात्री भाच्याचा फोन आला. चाळिसावा तास भरला. काढलेले तेल त्याने पांढऱ्या कापडावर गाळून पाहिले, चमक नाही. "मिस्त्रीला सांगा, मामा," तो म्हणाला. मिस्त्री जाऊन कैक वर्षे झाली. पण आम्ही "सांगतो" म्हणालो.

अक्काला पुढच्या उन्हाळ्याचे बोलावणे आहे. तिने महाडच्या बाजारातून नव्या वहाणा आणल्या आहेत आणि रोज संध्याकाळी ओटीपासून परसापर्यंत त्या घालून फिरते आहे. अंगठ्याला फोड आला आहे. आम्ही म्हटले, "अगं, जायच्या वेळी घाल की!"

ती म्हणाली, "तेव्हा चावून कसे चालेल?"