खाडीचा हिशेब

सोपाऱ्याच्या नावाशी जैन परंपरेत एका हंडीची किंमत जोडलेली आहे. बारा वर्षांच्या दुष्काळाच्या अखेरीस सोपारक नगरीतील श्रावक जिनदत्त यांच्या घरी त्यांच्या पत्नी ईश्वरी यांनी एक लक्ष मोल देऊन मिळवलेले धान्य शिजवले. गाठी पैसा होता, परंतु दाणा मिळण्याची आशा उरली नव्हती. म्हणून त्या अन्नात विष कालवून सहकुटुंब देहत्याग करण्याचा निश्चय झाला होता. त्याच वेळी वज्रस्वामींचे शिष्य वज्रसेनसूरी गोचरीसाठी दारी आले. ज्या दिवशी लक्षमोलाचे अन्न दिसेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, हे गुरुवचन त्यांनी सांगितले आणि विष बाजूला राहिले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदराला लागली. पुढे त्या दांपत्याच्या नागेंद्र, चंद्र, निर्वृती आणि विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली, असे परंपरा सांगते.

ही कथा श्रद्धेची आणि वैराग्याची म्हणून ऐकवली जाते. व्यापारी कुटुंबाने ती भावाची कथा म्हणूनही ऐकावी. धान्य जगातून नाहीसे झाले नव्हते. ते पाण्यापलीकडे होते. गलबत आले नाही तोवर हंडीचे मोल लक्ष, आणि आले त्या दिवशी तीच हंडी पुन्हा चार माणसांच्या आवाक्यात. जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात ज्या सोपाऱ्याची गणना चौऱ्यांशी तीर्थांत केली, तेच आजचे नालासोपारा. जगणे स्वस्त की महाग, याचे उत्तर तेथे आजही बऱ्याच अंशी पाणी ओलांडण्याच्या सोयीवर ठरते.

अलीकडे अनेक घरांत एक विचार वारंवार ऐकू येतो. मुंबईचे भाडे, मुलांच्या शाळेची फी, गाडी उभी करण्याच्या जागेचे पैसे, हे सारे मोजून थकलेली तरुण पिढी म्हणते की, एखाद्या बेटावर जाऊन निवांत राहावे. कोणी बालीचे नाव घेतो, कोणी अंदमानचे. मोबाइलच्या पडद्यावर नारळीची झाडे, निळे पाणी आणि नाममात्र खर्चाचे आकडे दिसतात. परंतु बेटावरच्या संसाराचा हिशेब पाहण्यासाठी एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. विरारच्या पश्चिमेला अर्नाळ्याचे बेट आहे आणि नायगाव-भाईंदर यांच्या मध्ये खाडीत पाणजू आहे. दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसे नांदत आहेत.

अर्नाळ्याचे बेट वैतरणेच्या मुखापाशी आहे. तेथील जलदुर्ग मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला आणि बाजीराव पेशव्यांच्या काळात तो नव्याने बांधला गेला. जून २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या एका युद्धनौकेला याच किल्ल्याचे नाव आहे. किल्ल्याच्या तटाबाहेर कोळी बांधवांची वस्ती आहे. किनाऱ्यावरून बोटीत बसले की काही मिनिटांत बेट येते. एवढ्या थोड्या पाण्याने काय फरक पडणार, असे पाहुण्याला वाटते. तेथे राहणाऱ्याला मात्र त्या थोड्या पाण्याचे मोल रोज द्यावे लागते.

प्रथमदर्शनी बेट स्वस्तच दिसते. घर बहुधा वडिलोपार्जित, म्हणून भाडे नाही. गाडी नाही, म्हणून इंधन नाही. हौसेच्या खरेदीचे दुकान नाही, म्हणून तो खर्चही नाही. परंतु ज्याने घाऊक माल हाताळला आहे, त्याला दुसरी बाजू लगेच समजेल. विटा, सिमेंट किंवा रेती शहरात एकदा ट्रकमधून उतरते. बेटावर जाणारा तोच माल किनाऱ्यावर उतरतो, बोटीत चढतो, पुन्हा उतरतो आणि मग डोक्यावरून घरापर्यंत जातो. प्रत्येक चढउताराला हमाली आहे आणि प्रत्येक वेळी थोडी मोडतोड आहे. भरती-ओहोटीची वेळ साधली नाही तर माल किनाऱ्यावर पडून राहतो, तो तोटा वेगळा.

किराणा दुकानदाराची अडचण त्याहून सूक्ष्म आहे. साबणावर किंवा बिस्किटावर छापलेली कमाल किंमत बेटावर आणि बोरिवलीत एकच असते. बोटीचा खर्च तिच्यावर चढवता येत नाही, म्हणून तो दुकानदाराच्या नफ्यातून जातो. शिवाय पावसाळ्यात बोट चालेल की नाही याची खात्री नसल्याने त्याला साठा जास्त ठेवावा लागतो आणि भांडवल अडकून बसते. परिणामी ज्या वस्तूचा खप थोडा, ती तो आणतच नाही. बेटावरची महागाई म्हणूनच भावफलकावर दिसत नाही. ती दुकानात नसलेल्या वस्तूंत असते. एखादे औषध दहा रुपयांचेच असते, पण ते आणायला एक माणूस आणि अर्धा दिवस जातो.

मिळकतीचीही तीच गत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. चातुर्मासाच्या तोंडावर शहरातील पेढीची उलाढाल मंदावते, परंतु थांबत नाही. बेटावर मात्र दोन महिने आवक जवळजवळ थांबते आणि त्याच काळात समुद्र खवळलेला असल्याने जावक वाढते. त्यात भर किनाऱ्याच्या धुपीची. अर्नाळ्याच्या बेटाचा काठ वर्षानुवर्षे लाटांनी खचत आहे आणि काठावरची घरे धोक्यात येत आहेत. शहरातले घर जुने झाले तरी त्याखालची जमीन मोलाची राहते. येथे जमीनच पाण्यात जाते. घसाऱ्याची अशी नोंद कोणत्याही पेढीच्या वहीत सापडणार नाही.

पाणजूची गोष्ट अधिक जवळची आहे, कारण पश्चिम रेल्वेने विरारकडे जाणारा प्रत्येक प्रवासी दिवसातून दोनदा तिच्याजवळून जातो. वसईच्या खाडीवर रेल्वेचे दोन पूल आहेत आणि त्यांच्या मध्ये हे बेट आहे. गाड्या सतत धावतात, परंतु तेथे स्थानक नाही. गावकऱ्यांना नायगावच्या किनाऱ्याला येण्यासाठी बोटीचा आधार. बोट नसेल तर रेल्वेच्या पुलावरून पायी चालत यायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाणजूचा एक तरुण असाच कामावर जाण्यासाठी पुलावरून चालला होता. धावत्या गाडीतून कोणीतरी खाडीत अर्पण करण्यासाठी भिरकावलेला नारळ त्याला लागला आणि त्याचा जीव गेला. नारळ फेकणाऱ्याच्या मनात भक्तीच असेल. खाली खाडी आहे एवढेच त्याला ठाऊक होते. त्या पुलावरून माणसे चालतात, हे त्याच्या गावीही नव्हते.

आता शहराची वही उघडावी. मुंबई हेही एके काळी बेटच होते. एक नव्हे, सात. त्या बेटांना सांधण्यात धनिक व्यापारी कुटुंबांचा वाटा आहे, हे विसरले जाते. माहीम आणि वांद्रे यांच्या मध्ये खाडी होती आणि लोक होडीने ये-जा करीत. होड्या उलटून माणसे दगावत. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये तेथला बांध खुला झाला. देणगीची अट एकच होती : तो ओलांडणाऱ्याकडून पथकर घेऊ नये. त्या दिवसापासून वांद्र्याचा भाजीवाला आणि माहीमचा गिऱ्हाईक यांच्यामधला होडीचा खर्च संपला.

आजच्या मुंबईत वस्तू मिळण्याची चिंता नाही. मध्यरात्री औषध मिळते, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, मुलीला हव्या त्या शाखेचे महाविद्यालय गाठता येते आणि बाजार दाराशी येतो. त्या सोयीची किंमत शहर जागेतून वसूल करते. घरभाडे म्हणजे एका अर्थाने न ओलांडाव्या लागलेल्या खाडीचे मोलच होय.

या दोहोंच्या मध्ये वसई-विरार आहे. पोर्तुगीजांच्या काळात वसईही खाडीने वेढलेले बेट होते. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि ते जमिनीला जोडले गेले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी सुरू झाली. भुलेश्वर-काळबादेवीच्या अपुऱ्या खोल्यांतून बाहेर पडलेली कित्येक जैन कुटुंबे गेल्या काही दशकांत भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार येथे स्थिरावली. आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला पूर्वी मुंबईहून यात्रेला यावे लागे. आता ते तीर्थ अनेकांच्या घरापासून जवळ आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर गेली. घर मोठे झाले, हवा मोकळी मिळाली, भाड्याचा आकडा लहान झाला.

परंतु वहीत एक रकाना कोराच राहिला. चर्चगेट ते विरार अंतर ६० किलोमीटर आहे. दाराच्या उंबऱ्यापासून पेढीच्या गादीपर्यंत दीड तास धरला, तरी दिवसाला तीन तास होतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७५ तास आणि वर्षाला ९०० तास. दहा तासांचा एक कामाचा दिवस मानला, तर हे वर्षातले ९० दिवस झाले. समजा, मुंबईऐवजी विरारला राहिल्याने महिन्याला १५,००० रुपये वाचतात. ७५ तासांनी भागले की तासाला २०० रुपये पडतात. ज्याच्या वेळेचे मोल त्याहून कमी, त्याला हा सौदा लाभाचा. ज्याचे अधिक, त्याला तोट्याचा. आकडे प्रत्येक घराने स्वतःचे घालावेत. भागाकार मात्र अवश्य करावा.

काही किमती भागाकारात बसत नाहीत. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या गृहस्थाला त्या वेळेला घरचे ताट मिळणे अशक्य, म्हणून तो संध्याकाळचा डबा सकाळीच बांधून नेतो किंवा बाजारातील चौविहार गृहात जेवतो. नियम पाळला जातो, पण सोमवार ते शनिवार घरातली माणसे एका पंगतीला बसत नाहीत. मुलगा पाठशाळेतून काय शिकून आला, हे वडिलांना रविवारी कळते. इकडे सोसायटीच्या मासिक खर्चात टँकरच्या पाण्याची रक्कम असते. सूर्या प्रकल्पाच्या नव्या योजनेत वसई-विरारसाठी दिवसाला १८.५ कोटी लिटर पाण्याची तरतूद आहे. तरी घर घेताना गच्चीवरच्या टाकीत पाणी कोठून येते, हा प्रश्न फरशीच्या रंगाआधी विचारावा.

ओलांडण्याची सोय वाढली की हिशेब किती बदलतो, हेही येथेच पाहता येते. वसईहून भाईंदरला रस्त्याने जायचे तर सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा पडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो बोट सुरू झाली आणि गाडीसह खाडी पार करणे पाव तासाचे काम झाले. एप्रिल २०२५ मध्ये विरारजवळील मारंबळपाडा ते सफाळ्याजवळील जलसार अशी दुसरी सेवा आली. जमीन तीच, माणसे तीच. पण दोन्ही काठांवरच्या व्यापाऱ्याला नवे गिऱ्हाईक मिळाले.

बेटावरच्या साध्या राहणीचे कौतुक करताना एक भेद मनात ठेवणे आवश्यक आहे. श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाचे परिमाण आहे आणि दिशांचेही परिमाण आहे. इतकेच बाळगीन, यापलीकडे जाणार नाही, अशी मर्यादा गृहस्थ स्वतः घालून घेतो. त्याच्याजवळ घेण्याची शक्ती असते आणि तो थांबतो. पाणजूच्या माणसाने मर्यादा घालून घेतलेली नाही. बोट सुटली म्हणून तो अडला आहे. त्याच्या अभावाला अपरिग्रह म्हणणे हे त्याच्यावरही अन्यायाचे आणि व्रतावरही. उलट ज्याला खरोखर साधे राहायचे आहे, त्याला बेट शोधण्याचे कारण नाही. मुंबईच्या सातव्या मजल्यावरही कपाटांची संख्या मोजून मर्यादित करता येते.

स्थलांतराचा विचार करणाऱ्या कुटुंबाने म्हणून वहीत रुपयांशेजारी तीन रकाने आखावेत. पहिला वेळेचा : महिन्याचे किती तास वाटेत जातील. दुसरा अडचणीचा : रात्री दोन वाजता घरातील वृद्धाच्या छातीत कळ आली, तर रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल आणि वाटेत बोट, फाटक किंवा बंद रस्ता आहे का. तिसरा सोबतीचा : देरासर, पाठशाळा, आप्तेष्ट आणि संध्याकाळचे ताट यांपैकी काय जवळ येईल, काय दुरावेल. तिन्ही रकाने भरल्यावर एखाद्याला बेटच परवडेल, एखाद्याला गिरगावच. निर्णय कोणताही असो, तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल.

आणि ज्यांना कोठेही जायचे नाही, जे रोज नायगाव ते भाईंदर खिडकीपाशी उभे राहून पार करतात, त्यांच्याही हाती एक गोष्ट आहे. घरातील जीर्ण तसबीर, पूजेची फुले किंवा नारळ पिशवीत असेल, तर तो खाडीत फेकू नये. फुले कुंडीतील मातीत जिरवावीत, नारळ वाटून खावा. चालताना मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जो समाज जमीन पाहून पाऊल टाकतो, त्याने पुलावरून चालणारा माणूसही पाहावा. तो माणूस हौसेने चालत नाही. त्याच्या गावाला अजून कोणी बांध बांधून दिलेला नाही.