स्लायडरचा काळा रंग आणि धंद्याचे इमान

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाने लोखंडाच्या कामावर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण या प्रकरणात गिऱ्हाईक म्हणून मी फसलो आणि व्यापारी म्हणून शरमिंदाही झालो. म्हणून हे चार शब्द.

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जीप घालण्याचा शौक पुण्यात बराच वाढला आहे. पावसाळ्यात रविवारी सकाळी मुळशी, ताम्हिणी, वेल्हे या बाजूंना असल्या गाड्या हमखास दिसतात. त्यात महिंद्राची थार असते, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा असते. या शौकाच्या आधाराने शहरात एक जोडधंदा उभा राहिला आहे. छोट्या छोट्या वर्कशॉपमधून या गाड्यांचे बंपर, कॅरिअर आणि रॉक स्लायडर बनतात. आपल्या पोरांपैकी पुष्कळजण वेल्डर, डेंटर, पेंटर म्हणून यात रोजी कमावतात. तेव्हा हा धंदा नीट चालावा, ही आपल्याही फायद्याची गोष्ट आहे.

रॉक स्लायडर म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या खाली, चॅसीला पक्का बसवलेला जाड लोखंडी पाइप. गाडी दगडावर टेकली तर तिचे वजन त्या पाइपने घ्यावे आणि गाडी त्यावरून सरकून पुढे जावी, हे त्याचे काम. तो नसेल तर दाराखालचा पातळ पत्र्याचा उंबरा दबतो.

माझ्या पुतण्याने थार घेतली, तेव्हा स्लायडर बसवायला मी त्याच्याबरोबर गेलो, कारण घासाघीस करण्यात घरात माझा हात कोणी धरत नाही. एका दुकानात चकचकीत काळ्या रंगाची जोडी टांगलेली होती. मी तिच्यावरून हात फिरवला, दोन हजार रुपये कमी करून घेतले आणि खुशीत घरी आलो. पहिल्याच पावसाळ्यात मुळशीकडे गाडी बाजूने एका दगडावर टेकली. पाइप वर वाकला, दाराचा उंबरा घेऊन आत शिरला आणि डावे दार उघडेना. स्लायडर म्हणून आम्हाला जे विकले होते ते निव्वळ पायदान होते. पाय ठेवून चढायला ठीक, पण पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी त्याने काय पेलावी?

जोडी उतरवली तेव्हा रंगाचीही हकीकत कळली. नखाने खरवडले तर पापुद्रे निघू लागले. खाली प्रायमरचा पत्ता नव्हता. कारखान्यातून पाइप येतो तेव्हा त्यावर निळसर काळी पापडी असते. ती न काढता, तेलही न पुसता, वरून काळा रंग मारलेला होता. मला हे ओळखीचे वाटले. आमच्याकडे कोऱ्या कापडाला खळ असते. ती धुऊन न काढता कापड रंगात बुडवले तर रंग तंतूत शिरत नाही. दुकानात माल देखणा दिसतो आणि पहिल्या धुण्यात गिऱ्हाईक शिव्या देते. लोखंडाला धुणे पावसाचे, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या वेळी मी भाव विचारण्याआधी काम विचारले. एका शेडमधल्या उस्तादांनी ते समजावून सांगितले आणि दोन दिवस मला स्टुलावर बसून बघूही दिले. पाइपची जाडी तीन मिलिमीटरच्या वर घेतली. ब्रॅकेट बॉडीच्या पत्र्याला कुठेही न लावता फक्त चॅसीला लावले. प्रत्येक ब्रॅकेटच्या मागे रुंद पट्टी दिली, म्हणजे वजन एका जागी न येता पसरते. चॅसीला जिथे मुळात छिद्रे होती तिथेच बोल्ट घेतले; नवे छिद्र पाडले नाही की चॅसीवर वेल्डिंग केले नाही. चॅसीच्या कडेने ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जातात, तिथे ठिणगी खेळवणे म्हणजे संकटाला बोलावणे. सगळे वेल्डिंग जमिनीवर केले, जोडी गाडीला लावून माप बघितले आणि रंगासाठी पुन्हा उतरवली.

रंगात सर्वांत जास्त वेळ रंगाआधीच्या कामाला गेला. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पापडी आणि वेल्डिंगचे दाणे काढले, पॉलिश पेपर मारला, थिनरने पुसले आणि पुसल्यानंतर हाताने शिवू दिले नाही. लगेच प्रायमर मारला, कारण दमट हवेत उघडे लोखंड काही तासांत गंज धरते. प्रायमर वाळल्यावर काळ्या रंगाचे दोन पातळ हात दिले. नुसता रेड ऑक्साइड मारून माल महिनाभर ठेवणे चूक, कारण तो ओल आत ओढतो. पाइपच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक छिद्र ठेवले, नाहीतर आत साचलेले पाणी आतूनच पाइप खाते. हे काम पावसाच्या झडीत उघड्यावर करू नये, हेही त्यांनी बजावले.

मी विचारले, "पावडर कोटिंग का नाही? ते तर जास्त टिकते."

उस्ताद म्हणाले, "शेठ, शोभेच्या ग्रिलला ते उत्तम. पण ह्याला दगड लागणारच. पावडरला टवका उडाला की गंज तिच्याखालून पसरतो आणि बाहेरून कळत नाही. साधा रंग गेला तर घरी घासून परत मारता येतो."

महाग काम विकायची संधी सोडून ज्याने गिऱ्हाइकाला स्वस्त आणि योग्य काम सांगितले, त्याची दुकानदारी मला पटली. शेवटी त्यांनी स्लायडरखाली जॅक लावून गाडीची एक बाजू उचलून दाखवली. पाइप जराही वाकला नाही. बिल पहिल्यापेक्षा दीडपट झाले आणि मी एक रुपया कमी करा म्हटले नाही.

आता कायद्याची गोष्ट. बहुतेक दुकानांत ती कोणी काढत नाही, काढली तर "काही होत नाही, चाचा" एवढे उत्तर मिळते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांपुढच्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशील बदलता येणार नाही असा निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणजे जोखीम गाडीमालकाची आहे. मग ती त्याला बयाणा घेण्याआधी सांगायला नको काय? आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, एवढे सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक जाईल. पण राहील ते दहा जणांना घेऊन येईल.

माझे मत असे की वर्कशॉपवाल्या बांधवांनी बिलावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: पाइपची जाडी, तो कशाला जोडला, रंगाखाली कोणता प्रायमर आहे, आणि माल स्लायडर आहे की पायदान. पायदान विकण्यात काहीही गैर नाही. त्याला स्लायडर म्हणून विकणे गैर आहे. वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. दहा-बारा वर्कशॉपवाले एकत्र आले तर आपला माल तपासून मान्य कसा करून घेता येईल, हे तिथे जाऊन विचारू शकतात. एकेकट्याचे ते काम नाही.

दोष मात्र सगळा कारागिराच्या माथी मारू नये. पहिल्या दुकानात मी पाइपची जाडी विचारली नव्हती. रंगाची चमक बघितली आणि दोन हजार कापले. ते दोन हजार त्याने तरी कुठून काढावेत? जे दिसत नाही त्यातूनच काढणार. आणि खरे सांगायचे तर, पहिल्या धुण्यात आटणारे कापड मीही गिऱ्हाइकाला गप्प राहून दिलेले आहे. त्या दोन दिवसांनंतर मी दुकानातल्या पोरांना सांगून ठेवले आहे: कापड आटणार असेल तर मोजण्याआधी सांगा. एक-दोन गिऱ्हाइके उठून गेली. बाकीच्यांनी अर्धा मीटर जास्त घेतले.