काचऱ्यांतला उपरा कोण: लसूण की बटाटा?

१/ बटाट्याच्या काचऱ्यांचे छायाचित्र कोणी टाकले आणि त्यात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या दिसल्या, की खाली एक प्रतिसाद हमखास उमटतो: ‘पारंपरिक काचऱ्यांत लसूण नसतो, ही अलीकडची भेसळ.’ हे विधान केवळ रुचीचे असते, तर वाद घालण्याचे कारण नव्हते. पण ते इतिहासाचा आधार सांगते, आणि इतिहास नेमके उलटे सांगतो.

२/ आधी पदार्थ पाहू. बटाट्याच्या पातळ चकत्या पाण्यात धुऊन निथळायच्या. लोखंडी कढईत तेल तापवून मोहरी, हिंग, हळद घालायची आणि चकत्या परतायच्या. त्या अर्ध्याअधिक शिजल्या, की ठेचलेला लसूण, लाल तिखट आणि मीठ. लसूण आरंभीच घातला तर करपून कडू होतो. कडा तांबूस झाल्या, की काचऱ्या तयार. आता या कढईतल्या तीन घटकांचे वय तपासू.

३/ बटाटा हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. तेथे त्याची लागवड हजारो वर्षे होत होती. युरोपात तो पोहोचला सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांमार्फत. ‘बटाटा’ हा शब्द तर मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतला, आणि तोही रताळ्याचा. पोर्तुगीजांकडून तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. म्हणून मराठी, कोकणी व गुजराती बोलणारे ‘आलू’ न म्हणता या शब्दाचीच रूपे वापरतात.

४/ यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘संस्कृत ग्रंथांत आलुक आहे, पिंडालु आहे!’ आहेत, पण ती नावे कोनफळासारख्या एतद्देशीय कंदांची. नवी वस्तू आली, की तिला जुने नाव मिळते. मग जुन्या ग्रंथात ते नाव वाचून नवी वस्तू तेथे होतीच असे मानणे, हा कालविपर्यास होय. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी टाळायला शिकायची ही चूक आहे.

५/ हाच सापळा इंग्रजी साधनांतही आहे. जहांगीरच्या दरबारी आलेल्या थॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने आसफखानाच्या मेजवानीचे वर्णन करताना ‘पोटॅटो’ असा उल्लेख केला आहे. परंतु त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द रताळ्यालाही लावत. तेवढ्यावर मोगल पाकशाळेत बटाटा शिजवणे धाडसाचे ठरेल.

६/ आपल्याकडे बटाट्याच्या शेतीचा विस्तार झाला तो प्रामुख्याने कंपनी सरकारच्या काळात. महाबळेश्वरला १८३० च्या दशकात तुरुंग बांधला गेला. तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटे व विलायती भाज्या पिकवल्या. ‘सनातन’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या काचऱ्यांच्या वंशावळीत हे काळ्या पाण्याचे कैदीही आहेत.

७/ लाल तिखटाची कथाही तीच. मिरची अमेरिकेतली, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, त्यानंतरच ती येथे आली. सावता माळी यांची समाधी १२९५ ची. त्यांच्या नावावर सर्वत्र गायिल्या जाणाऱ्या अभंगात लसणाशेजारी मिरचीही विठ्ठलरूप झालेली दिसते. याने अभंगाची थोरवी उणावत नाही. मौखिक परंपरा गाणाऱ्याच्या मळ्यातले नवे पीकही सामावून घेते, एवढाच याचा अर्थ.

८/ आता लसूण. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर याला एक हस्तलिखित मिळाले. विद्वान त्याचा काळ साधारणतः चौथे ते सहावे शतक मानतात. त्यातील वैद्यकग्रंथाचा आरंभच लसणाच्या स्तुतीने होतो. काश्यपसंहितेत ‘लशुनकल्प’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. सहा रसांपैकी एक आम्ल तेवढा उणा, म्हणून तो ‘रसोन’, अशी व्युत्पत्ती आयुर्वेद सांगतो.

९/ ‘पण मनुस्मृतीने लसूण निषिद्ध ठरवला!’ होय, पाचव्या अध्यायात, आणि द्विजांसाठी. कोणी खातच नसेल त्या वस्तूवर बंदी घालण्याची गरज शास्त्रकाराला पडत नाही. म्हणजे हा निषेध लसणाच्या वापराचाच पुरावा ठरतो. आणि द्विजांपलीकडच्या बहुसंख्य चुलींवर काय शिजत होते, याविषयी तो काही सांगत नाही.

१०/ पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी भिक्षू फाहियान लिहितो, की मध्यदेशातील लोक कांदा-लसूण खात नाहीत; अपवाद चांडाळांचा. स्वतः नियमबद्ध भिक्षू असलेल्या माणसाचे हे सरसकट विधान जपूनच घ्यावे लागते. तरी एक गोष्ट त्यातून उघड होते: लसणाचा वास तेव्हाच माणसाची सामाजिक पायरी ओळखण्याची खूण बनला होता.

११/ आता उपासाचे ताट पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, आणि ज्या कसाव्याच्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो तो कसावा: सारे अमेरिकेचे, आणि सारे ‘चालते’. किमान दीड हजार वर्षे येथल्या ग्रंथांत नांदणारा लसूण मात्र ‘चालत नाही’. तेव्हा प्राचीनत्व हा निकष कधीच नव्हता. लसूण वर्ज्य ठरला तो शुचितेच्या कल्पनेमुळे, आणि ती कल्पना जातिव्यवस्थेपासून वेगळी काढता येत नाही.

१२/ येथे एक भेद स्पष्ट करतो. जैन कुटुंबाचा आहारनियम, एखाद्या माळकऱ्याचे व्रत, कांदेनवमीनंतर चातुर्मासात पाळला जाणारा वर्ज्यभाव: हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे विषय आहेत आणि आदरास पात्र आहेत. आक्षेप आहे तो आपल्या घरचा नियम साऱ्या महाराष्ट्राची ‘परंपरा’ म्हणून इतरांच्या कढईवर लादण्याला.

१३/ उलट बाजूचा उतावीळपणाही नको. ‘बटाटा परका, म्हणून काचऱ्या आपल्या नव्हेत’ हे म्हणणे तितकेच पोकळ. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांनी त्या डब्यात भरून शेतावर आणि गिरणीत नेल्या, त्या घरांच्या त्या झाल्या. पदार्थ आपला ठरतो तो रोजच्या रांधण्या-खाण्याने. पण हाच न्याय लसणालाही लावावा लागेल.

१४/ यात खरे नुकसान होते ते साधनांचे. ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांची ताटे ग्रंथांत उतरली. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ यायला २०१५ साल उजाडले. ‘अस्सल काचऱ्यांत लसूण नसतो’ असे म्हणणारा नकळत या न लिहिलेल्या स्वयंपाकघरांना पुन्हा एकदा पुसून टाकतो.

१५/ म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या आजीला विचारा: काचऱ्यांत लसूण घालत होतात का, केव्हा घालत होतात, आणि नसल्यास तो कोणी वर्ज्य केला होता? उत्तर गाव आणि सालासकट वहीत उतरवून ठेवा. शंभर घरांच्या अशा नोंदी जमल्या, तर ‘परंपरा’ या शब्दावर यापुढचा वाद पुराव्यानिशी करता येईल.

(समाप्त)