निकाल शिळा, मोजणी ताजी

लोकसभा निकालाची जुनी दूरचित्रवाणी प्रक्षेपणे पुन्हा पाहणे म्हणजे रिकामपणचा उद्योग, असा आक्षेप घेतला जातो. कोण निवडून आले हे ठाऊक आहे, आकडे निवडणूक आयोगाच्या तक्त्यात आहेत, मग तासन् तास आघाडी-पिछाडी पाहून हाती काय लागणार?

तक्त्यात काय नसते, हे औरंगाबाद मतदारसंघावरून दिसते. येथे 23 एप्रिल 2019 रोजी मतदान झाले आणि 23 मे रोजी मोजणी. इम्तियाज जलील यांना 3,89,042, चंद्रकांत खैरे यांना 3,84,550, अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना 2,83,798 आणि काँग्रेसचे सुभाष झांबड यांना 91,789 मते पडली. फरक 4,492. सलग चार वेळा निवडून आलेले खासदार खैरे पडले. तक्ता येथे संपतो.

मोजणी मात्र फेऱ्यांनी होते. विधानसभा क्षेत्रागणिक साधारण 14 टेबले असतात आणि मतदान केंद्रांच्या क्रमाने यंत्रे उघडली जातात. कन्नड, वैजापूर, गंगापूर आणि शहरातील तीन अशी सहा क्षेत्रे धरली, तर एका फेरीत 84 यंत्रे होतात. यंत्रामागे पाचशे मते धरली तरी एका फेरीत 42,000 मते मोजून होतात. म्हणजे अंतिम फरक एका फेरीच्या सुमारे दशांशाएवढा होता. असे असताना सकाळच्या ‘आघाडीवर’ या पट्टीतून जनमताचा कौल कळत नाही. कोणत्या भागाची यंत्रे आधी उघडली, एवढेच कळते. यंत्रे येऊन इतकी वर्षे झाली तरी लोक ‘अमुक भागाच्या पेट्या फुटल्या’ असेच म्हणतात, आणि स्टुडिओतल्या विश्लेषकांपेक्षा ते खरे बोलतात. थेट प्रक्षेपण पाहताना हे ध्यानात राहत नाही, कारण जीव निकालात अडकलेला असतो. निकाल माहीत असलेला प्रेक्षकच मोजणी नीट पाहू शकतो.

दुसरा पक्ष जुन्या प्रक्षेपणांच्या भक्तांचा आहे. नोव्हेंबर 1989 मध्ये दूरदर्शनवर प्रणय रॉय आणि विनोद दुआ निकाल समजावून सांगत. तो संयम आता राहिला नाही, असे त्यांचे म्हणणे. हेही अर्धेच खरे. मतपत्रिका हाताने मोजल्या जात, आकडे सावकाश येत आणि मधल्या वेळेत चित्रपट दाखवले जात. प्रसारण संस्था एकच, तीही सरकारी. घाई करायला ना आकडे होते ना स्पर्धक. या सक्तीच्या संथपणाला सद्‌गुण म्हणण्याचे कारण नाही.

त्या काळाकडून घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी रूढ केलेला विरोधी ऐक्याचा निर्देशांक, म्हणजे विरोधी मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे किती टक्के गेली, याचा हिशेब. काँग्रेसच्या वर्चस्वाच्या काळासाठी केलेले हे माप औरंगाबादलाही लागू पडते. 2019 मध्ये पहिल्या चार उमेदवारांपुरते पाहिले, तर जलील यांच्या विरोधातील 7,60,137 मतांपैकी खैरे यांच्याकडे जेमतेम निम्मी होती. चौघांच्या मतांत सुमारे 34 टक्के वाटा विजयाला पुरला. 2024 मध्ये संदिपान भुमरे 1,34,650 मतांनी निवडून आले. तेव्हाही जलील आणि खैरे यांच्या मतांची बेरीज विजेत्याच्या 4,76,130 मतांहून दीड लाखाने जास्त भरते. निकालानंतर वाहिन्यांवर लाट, त्सुनामी असे शब्द सहज उडतात. हा साधा भागाकार करायला फारसे कोणी थांबत नाही.

उरतो अंदाज चुकल्याचा आक्षेप. 2004 मध्ये बहुतेक एक्झिट पोल सत्ताधारी आघाडीला पुढे दाखवत होते. काँग्रेस 145 आणि भाजप 138 वर थांबला. 2024 मध्ये बहुतेकांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला 350 जागांच्या पुढे नेले, मिळाल्या 293. या चुकांमुळे प्रक्षेपणे टाकाऊ ठरत नाहीत, उलट मोलाची होतात. नंतर लिहिलेल्या विश्लेषणात ‘हे होणारच होते’ असा सूर असतो. तसे आधी बहुतेकांना वाटले नव्हते, याचा पुरावा चित्रफितीतच उरतो.

म्हणून ही प्रक्षेपणे पाहावीत ती पहिल्या फेरीपासून, शेजारी अंतिम तक्ता ठेवून. पडद्यावर ‘विजयी’ झळकले की बंद केली तरी चालतील.