शिकारी निवडायचा कोणी?



जिल्ह्याची बैठक या वेळी उलव्यात आहे. इथल्या भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या, विमानतळासाठी डोंगर कापला, नदी वळवली. उलव्यात डुकरापासून राखावे असे पीकच उरले नाही. पण कर्जत, रोहा, माणगावकडून बैठकीला येणारा जो तो पहिले गाऱ्हाणे सांगतो ते रानडुकराचे. आणि लगेच विचारतो, "दादा, कोणी बंदूकवाला आहे का ओळखीचा?"

एके काळी शिकारी निवडणे ही पैसेवाल्यांची चैन होती. पुढे केंद्रात मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्लांनी पदवीनंतर नागपुरात ऑल्विन कूपर नावाची कंपनी काढली. पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात मोठ्या शिकारीला नेणे हा तिचा एक धंदा. असल्या शिकारीत पाहुण्याने तंबू, मचाण, खानसामा बघून कंपनी ठरवायची आणि हाकाऱ्याला गावकऱ्यांनी धावायचे. १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला. बरे झाले. आमची तक्रार वेगळी आहे. हौशी माणसाची चैन बंद करताना शेतकऱ्याची राखणही सरकारने परवान्याच्या कपाटात कोंडली.

उभ्या पिकाला धोका असलेले जनावर मारण्याची परवानगी देता येते, असे याच कायद्याचे कलम ११ सांगते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोह्यासाठी ही परवानगी सोपी करणारा शासन निर्णयही निघाला. पण कागद हाती आला तरी बंदूक कुठली आणि चालवणारा कुठला? डुक्कर येते ते दाणा दुधात असताना. तेवढ्या आठ-दहा दिवसांत जे व्हायचे ते होते. पीकरक्षणासाठी ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक आहे, त्यांची निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. २०२४ ची विधानसभा नेमकी भातकापणीत होती!

मग थकलेला शेतकरी तारेत करंट सोडतो. त्यात डुक्कर मरते, बिबट्या मरतो, शेजाऱ्याचा पोरगाही मरतो. नाहीतर शनिवारी रात्री जीप घेऊन येणाऱ्या शहरी हौशाला तो शेत दाखवतो. हौशी म्हणतो, पैसे नकोत, डुक्कर आमचे. भावांनो, इथेच फसगत आहे. परवानगीने मारलेले जनावरही कायद्याने सरकारी मालमत्ता असते. जीप निघून जाते, पंचनामा तुमच्या बांधावर होतो. म्हणून येणाऱ्याला आधी विचारा: लेखी आदेशात तुझे नाव आहे का? आमचा सर्व्हे नंबर आणि मुदत त्यात आहे का? बंदुकीचा परवाना तुझ्याच नावे आहे का? जखमी डुकराचा माग तू काढणार, की सकाळी कापणीला जाणाऱ्या आमच्या बायका? आणि मांस मागितले की त्याला वाटेला लावा.

सरकार स्वतः निवडते तेव्हा काय होते, तेही पाहिले. यवतमाळात पांढरकवड्याच्या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिच्यासाठी हैदराबादहून नेमबाज आणला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी झाडली ती त्या नेमबाजाच्या मुलाने. नियम मोडल्याचे व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत निघाले. ज्यांची माणसे गेली त्या गावांना नेमबाज ठरवताना कोणी विचारले होते?

केरळने २०२२ मध्ये निराळी वाट धरली. रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षाला दिला. परवानाधारक नेमबाजांची यादी असते, तीतून माणूस घ्यायचा. विष, स्फोटके, करंट वापरायला बंदी. तिथे डुकरे संपली असे मी म्हणत नाही, पण पीक ज्या गावचे, निर्णय त्या गावचा, एवढे तरी झाले. इथे मात्र शेतकऱ्याच्या हाती बंदूक म्हटले की मुंबईतल्या प्राणिप्रेमींना घाम फुटतो. त्यांनी एक रात्र माळ्यावर पत्र्याचा डबा बडवत काढावी, मग बोलू.

आमची मागणी ग्रामसभेच्या हाती आदेश आणि नेमबाज निवडण्याचा हक्क द्या, ही आहे. चुकलेल्या गोळीचा जाबही गाव देईल. बैठकीत हा ठराव मांडायचा आहे. येताना वनखात्याकडे केलेल्या अर्जाची पोच आणा. अर्ज कधी दिला आणि उत्तर कधी आले, हे तारखेसह फळ्यावर लिहायचे आहे.